चूलबंद आवतण

चकलीचं पीठ यंदा सैल झालं होतं. हे नीलाताईंना सांगायचं नाही, असं सून चैत्राली आणि लेक सीमा यांनी एकमेकींकडे न बघताच ठरवून टाकलं होतं. नीलाताई तळत होत्या. चैत्राली सोऱ्या फिरवत होती. सीमा कागदावरच्या चकल्या उचलून कढईशी नेत होती. काही वाटेतच तुटायच्या, त्या ती खाऊन टाकायची.

"चार झाल्या," नीलाताई म्हणाल्या. त्यांची पाठ होती, तरी त्यांनी मोजल्या होत्या.

"तुटलेल्या मोजत नाहीत, आई."

"तू हात लावेपर्यंत तुटत नव्हत्या."

ऑक्टोबरातला तिसरा शनिवार होता. दिवाळी दहा दिवसांवर आली होती आणि मतदान सुरू होऊन तीन दिवस झाले होते. अमेरिकेतल्या या कॅरी गावात यंदा निवडणुकीच्या आधी पंधरा दिवस कधीही जाऊन मत देता येत होतं, कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये. ज्याचं नाव यादीत नाही त्याला तिथेच नाव घालून तिथेच मत देता येणार होतं. चैत्रालीने हे सगळं छापून आणलं होतं. जेवणाच्या टेबलावर नमुन्याची मतपत्रिका पसरली होती, तिच्या एका कोपऱ्यावर तेलाचा डाग पडला होता, आणि तिच्यापुढे राजाराम सबनीस चष्मा पुसत बसले होते.

राजारामांनी चौतीस वर्षं राज्याच्या रस्तेखात्यात पुलांचे नकाशे तपासले होते. कागद हातात आला की ते आधी कडेचा बारीक मजकूर वाचत.

"बाबा, मागचं पान बघा," चैत्राली स्वयंपाकघरातून म्हणाली. "जज मागे आहेत, अगदी खाली."

"वर पक्षापुढे एक खूण केली की सगळ्यांना मत जातं ना?" गिरीशने विचारलं. तो फ्रिजमधून ज्यूस काढत होता. या घरचा थोरला मुलगा, बेचाळीस वर्षांचा, आणि बायकोने बोलावल्याशिवाय स्वयंपाकघरात न थांबणारा.

"सगळ्यांना नाही जात. राष्ट्राध्यक्षांचं वेगळं करावं लागतं. जजचंही वेगळं. जजच्या नावापुढे पक्षच लिहिलेला नाही, मग पक्षाची खूण त्यांच्यापर्यंत पोचणार कशी? तिथे तू काही केलं नाहीस तर तुझं मत कुणालाच नाही."

"मग मी मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी तू राष्ट्राध्यक्षांना तरी मत दिलंस का, हे मला माहीत नाही."

गिरीशने ज्यूस प्यायला. राजाराम मतपत्रिकेवर आणखी वाकले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मीही तेच केलं होतं. वर एक खूण केली आणि कागद मशीनमध्ये सरकवला. तिथल्या बाईंनी मला 'मत दिलं' असा स्टिकर दिला. दिवसभर लावून फिरलो."

"चौघांतला एक माणूस जजचं रिकामं सोडतो," चैत्राली म्हणाली. "आपल्या लोकांत तर जास्तच."

"टिल्डन मागच्या वेळी नऊशे मतांनी निवडून आल्या होत्या," सीमा म्हणाली. तिने चकली कढईत सोडली आणि बोटं आत घेतली. "ह्या वेळी त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या वकिलाच्या हिरव्या पाट्या प्रत्येक चौकात आहेत. टिल्डनबाईंची मला एक दिसली, ती पण पडलेली."

ते नाव या घरात कुणी घेत नसे. लोरेन टिल्डन काउंटीच्या कोर्टात जज होत्या आणि त्यांच्याकडे घरच्या भांडणांचे खटले चालत. सीमा आणि प्रताप यांचा घटस्फोट तीन वर्षांपूर्वी त्यांच्यासमोर झाला होता. त्यांच्या लेकीने, अनयाने, आईकडे राहावं, सुट्टीत वडिलांकडे जावं, हे त्यांनीच ठरवून दिलं होतं. मराठी मंडळात मात्र कुणी विचारलं की नीलाताई सांगत, "जावई चँडलरला असतात. मोठा प्रोजेक्ट आहे." प्रताप खरोखरच चँडलरला चिप बनवणाऱ्या कंपनीत होता. त्यामुळे नीलाताईंना ते कधी खोटं वाटलं नाही. त्यांनी फक्त पुढचं वाक्य बोलायचं टाळलं होतं, आणि टाळता टाळता तीन दिवाळ्या गेल्या होत्या.

"तुझी केस संपली," गिरीश म्हणाला. "आता कोण जज असेल त्याने तुला काय फरक पडतो?"

"मला नाही पडत. पण उद्या कुणीतरी तिथे एकटी जाऊन बसेल ना, तिला पडेल."

'एकटी' हा शब्द तिने मुद्दाम म्हटला नव्हता. पण राजारामांनी चष्मा पुन्हा काढला. त्या दिवशी ते कोर्टात गेले नव्हते. घरचं कुणीच गेलं नव्हतं. सीमाने वेगळं होऊ नये, परत जावं, असं ते तिला वर्षभर सांगत होते. निकाल लागल्यावर त्यांनी सांगायचं थांबवलं, एवढंच. बाप-लेकीत त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही. ती दर शनिवारी येत होती, त्यांच्या गोळ्या डबीत भरून देत होती.

"मंडळाच्या ग्रुपवर मेल टाकू," गिरीश म्हणाला.

"मी टाकला होता सोमवारी," चैत्राली म्हणाली. "एकसष्ट घरं. चार उत्तरं आली. त्यातल्या एकाला यादीतून नाव काढून हवं होतं."

"मेल म्हणजे काय आवतण आहे?" राजाराम म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं, कारण सकाळपासून ते फारसं बोलले नव्हते. "आमच्या गावात नुसती पत्रिका पाठवली तर सख्खा भाऊसुद्धा लग्नाला येत नसे. घरी जायचं. पाणी प्यायचं. हातात अक्षता द्यायच्या. आणि सांगायचं, चूलबंद यायचं."

"चूलबंद म्हणजे?" चैत्राली मुंबईत वाढलेली होती.

"घरातल्या सगळ्यांनी. त्या दिवशी तुमच्या घरची चूल पेटता कामा नये. असं सांगितलं की माणूस अडकतो. मतालासुद्धा तसंच बोलवायला हवं. घरात चार मतदार असतील तर चौघांना. फराळाचे डबे द्यायला जातोच आहोत आपण." ते टेबलावरून उठले. पूल मंजूर झाल्यावर त्यांचा चेहरा असा होत असणार, असं चैत्रालीच्या मनात आलं. "उद्या रविवार. दोन दिवसांत वीस घरं होतील. मी जातो. नीला येईल. सीमा, गाडी तू चालव."

"आणि लोकांनी विचारलं, ही बाई तुम्हाला कशी माहीत, तर?" नीलाताई म्हणाल्या.

तेल तापून धूर यायला लागला होता. चैत्रालीने हात लांब करून गॅस कमी केला.

"सांगू, चांगलं ऐकलंय म्हणून," राजाराम म्हणाले.

सीमाने पुढची चकली उचलली. ही अखंड राहिली होती, तरी तिने ती खाल्ली. चैत्रालीने ते पाहिलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदाच तिला सासऱ्यांचा राग आला.

"दोन महिने मतदारांच्या वर्गात मी लोकांना हेच शिकवतेय," ती नवऱ्याला हळू म्हणाली. "का मत द्यायचं ते सांगता आलं पाहिजे. 'ऐकलंय' म्हटलं तर लोक हिरव्या पाटीचंही ऐकतातच की."

"तू मध्ये पडू नकोस," गिरीश म्हणाला.

"मी मध्येच आहे, गिरीश. लग्न करून मध्येच आलेय."

रविवारी सकाळी तिघं निघाली. मागच्या सीटवर डबे रचले होते आणि त्यांच्याशेजारी राजारामांची यादी. त्यांनी ती स्वतःच्या हाताने केली होती, नकाशाच्या कागदावर, प्रत्येक घरापुढे मतदारांच्या संख्येएवढे चौकोन काढून. सीमा गाडी रस्त्याच्या कडेला लावून आतच बसत होती. कुणी तसं ठरवलं नव्हतं. पहिल्या घरी ती उतरली नाही आणि कुणी उतर म्हटलं नाही, मग तेच चालू राहिलं.

पहिलं घर अतुल देवस्थळींचं. औषधांच्या कंपनीत काम करणारा, दोन वर्षांपूर्वी नागरिक झालेला. त्याने चहा केला, डबा घेतला, मतपत्रिका नीट पाहिली.

"काका, पक्षावर खूण केली की झालं असंच मला वाटायचं. बरं झालं सांगितलंत. पण ह्या टिल्डन कशा आहेत? तुम्ही ओळखता?"

"चांगल्या आहेत, असं ऐकलंय."

"कुणाकडून?"

राजारामांनी चहाचा घोट घेतला. "इकडून तिकडून."

"दुसऱ्याचं पण चांगलंच ऐकलंय मी," अतुल हसून म्हणाला. "ऑफिसमध्ये एकाचा नातेवाईक आहे तो. बघतो काका. नक्की बघतो."

'बघतो' म्हणजे काय हे राजारामांना माहीत होतं. ते स्वतः ठेकेदारांना तेच सांगत आले होते. दुसऱ्या घरी तसंच झालं. तिसऱ्या घरी बाईंनी सरळ विचारलं, "काका, तुमचं कधी कोर्टाचं काम पडलं होतं का?" आणि नीलाताई लगबगीने म्हणाल्या, "छे, छे." मग शंकरपाळ्यांचा विषय निघाला. गाडीत परत बसल्यावर राजारामांनी यादी मांडीवर घेतली. तीन घरं, नऊ चौकोन. पेन उघडून ते एकाही चौकोनात खूण न करता बसून राहिले.

"काय म्हणाले?" सीमाने विचारलं.

"बघतो म्हणाले."

तिने गाडी सुरू केली. आरशात नीलाताईंना तिचे डोळे दिसत होते. त्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर नीलाताईंना बरं वाटलं असतं. शाळेत असताना बक्षीस मिळालं नाही की सीमा अशीच गप्प बसायची आणि घरी आल्यावर आधी दप्तर जागेवर ठेवायची.

चौथं घर सुहासिनीताई वाकणकरांचं. सत्तरीच्या, एकेकाळच्या बालरोगतज्ज्ञ. यजमान गेल्यापासून त्या मंडळाची मराठी शाळा चालवत होत्या. कॅरीतल्या निम्म्या मराठी मुलांना त्यांनी आधी सुया टोचल्या होत्या आणि मग बाराखडी शिकवली होती. त्यांनी एक शब्द टाकला तर वीस घरं हलली असती. राजारामांनी यादीत त्यांच्या नावाखाली रेघ मारली होती.

सुहासिनीताईंनी दोघांना बसवलं, डबा घेतला, आणि आतून दोन डबे आणले. "हा तुमचा. आणि हे अनारसे प्रतापसाठी. नेहमीसारखे."

नीलाताईंनी हात पुढे केला. गेली तीन वर्षं त्या हा डबा घेत होत्या, "पाठवते हं चँडलरला" म्हणत होत्या, आणि भाऊबिजेपर्यंत घरातच संपवत होत्या. आज हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. बाहेर, त्याच रस्त्यावर, लेक गाडीत बसली होती. बापाने बोलावं म्हणून ती थांबली होती, आणि आपण तीन घरं शंकरपाळ्यांवर बोलत होतो.

"सुहासिनीताई," त्या म्हणाल्या, "हे आम्हीच खातो."

"काय?"

"अनारसे. आम्हीच खातो. ह्यांना आवडतात."

राजाराम बायकोकडे बघत राहिले. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात तिने त्यांना असं पुढे ढकललं नव्हतं. मग त्यांनी मतपत्रिका गुडघ्यावर ठेवली.

"माझ्या मुलीचा घटस्फोट झालाय," ते म्हणाले. "तीन वर्षं झाली. या बाईंच्या कोर्टात. तिला मूल तिच्याकडे मिळालं ते यांच्यामुळे. मी ऐकलंय वगैरे काही नाही. आमच्या घरात घडलंय ते."

 सुहासिनीताईंनी अनारशांचा डबा त्यांच्या पुढ्यात सरकवला.

"अनारसे टपालाने चँडलरपर्यंत जात नाहीत हो, राजाराम. पीठ होतं त्यांचं वाटेत. मला काय ते कळत नव्हतं?"

"तुम्हाला माहीत होतं?" नीलाताई म्हणाल्या.

"अनया माझ्या वर्गात आहे. दोन वर्षांपूर्वी 'माझे घर' यावर पाच ओळी लिहायला दिल्या होत्या. हिने लिहिलं, माझी दोन घरे आहेत. एका घरात आई आहे. एका घरात बाबा आहे. दोन्ही घरांत मला टीव्ही बघू देत नाहीत." त्या हसल्या नाहीत, पण तोंडाच्या कडा हलल्या. "चारच ओळी झाल्या, म्हणून मी तिला एक मार्क कमी दिला."

"मग तुम्ही दरवर्षी डबा..."

"म्हटलं, एखाद्या वर्षी नीला म्हणेल, आता नको. मग मी सीमाला घरी जेवायला बोलवीन. तुम्ही म्हणत नव्हतात, तर मी कशी बोलवू? तुमच्या घरची गोष्ट. तुम्ही झाकलीत, मी वरून कापड नीट केलं."

नीलाताईंनी पदराने डोळे टिपले. रडू येत होतं की हसू, त्यांनाही कळलं नाही.

"आता मला सांगा," सुहासिनीताई मतपत्रिका ओढून घेत म्हणाल्या, "ह्या जजबाईंनी नेमकं काय केलं? मी वीस घरांत फोन करीन, पण मला लोक विचारणार. मूल आईकडे दिलं एवढं पुरत नाही. बाई कशी होती? बोलली काय? ऐकून घेतलं का?"

राजारामांनी तोंड उघडलं. सांगण्यासारखं काहीच त्यांच्याजवळ नव्हतं. त्या जज उंच होत्या की बुटक्या, हेसुद्धा त्यांना माहीत नव्हतं.

"मी नव्हतो गेलो," ते म्हणाले.

 सुहासिनीताईंनी खिडकीतून रस्त्यावरच्या गाडीकडे पाहिलं. "तिला संध्याकाळी मला फोन करायला सांगा. नाही, जेवायलाच पाठवा. अनयालाही."

पाचवं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. नरेंद्र आणि त्याची बायको, आणि त्यांच्याकडे राहणारे तिचे आई-वडील. चारही चौकोन भरण्यासारखे. नीलाताई म्हणाल्या की त्यांचा गुडघा दुखतोय, त्या पुढच्या घराला उतरतील. गुडघा दुखत नव्हता. सीमाने गाडी लावली. राजाराम उतरले, बाहेरून वळसा घालून तिच्या दाराशी आले आणि काचेवर टकटक केली.

तिने काच खाली केली. "काय राहिलं? डबा?"

"तू चल."

"कशाला?"

"ते विचारतात, बाई कशी होती. मला सांगता येत नाही." ते थांबले. "सुहासिनीताईंना मी सांगितलं. तुझं. पण पुढचं मला येत नाही. मी आलो नव्हतो ना."

सीमाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मागे नीलाताई डब्यांची झाकणं उगाच दाबून बघत होत्या.

"सांग मला," राजाराम म्हणाले. "आधी मला सांग. काय झालं त्या दिवशी?"

"इथे? रस्त्यात?"

"इथे."

तिने थोडा विचार केला. "सकाळी साडेनऊला होतं. मी नऊलाच गेले. प्रतापच्या बाजूला त्याचा भाऊ होता, वहिनी होती. माझ्या बाजूची बाकं रिकामी. टिल्डनबाई आल्या, बुटक्याशा आहेत, चष्मा साखळीला बांधलेला. त्यांनी रिकाम्या बाकांकडे बघितलं पण काही म्हणाल्या नाहीत. मग प्रतापच्या वकिलाने एक पत्र काढलं."

राजारामांचा हात गाडीच्या दारावर होता. तो तिथेच राहिला.

"तुमचं पत्र, बाबा. तुम्ही प्रतापला लिहिलेलं. ही हट्टी आहे, तुम्ही समजून घ्या, मी तिला परत पाठवतो. त्यांनी भाषांतर करून आणलं होतं. वकील म्हणाला, हिच्या स्वतःच्या वडिलांना ती जबाबदार वाटत नाही."

"तुला माहीत होतं," राजाराम म्हणाले. "तीन वर्षं."

"हो."

"आणि गोळ्या भरत होतीस."

"पुढचं ऐका ना. टिल्डनबाईंनी ते पत्र पूर्ण वाचलं. मग पुन्हा वरून वाचलं. सगळे थांबले होते. मग चष्मा काढून वकिलाला म्हणाल्या, हे पत्र एका घाबरलेल्या वडिलांचं आहे. मुलीचं कसं होईल, याची त्यांना भीती वाटतेय. यात आईविरुद्ध मला काहीच दिसत नाही. आणि ते बाजूला ठेवून दिलं." सीमाने स्टिअरिंगवरचे हात मांडीवर घेतले. "मी तोपर्यंत तुमच्यावर इतकी चिडले होते ना, बाबा. वर्षभर. आणि त्या परक्या बाईने दोन मिनिटांत मला सांगितलं की तुम्ही घाबरला होतात. मला ते कधी सुचलंच नव्हतं. म्हणून मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचंय. निकालाचं नंतर."

समोर नरेंद्रच्या घराचं दार उघडलं. त्याने गाडी ओळखून हात हलवला. त्याच्या मागे त्याचे सासरे स्वेटर घालून उभे होते. राजारामांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते लेकीकडे बघत होते.

"घाबरलोच होतो," शेवटी ते म्हणाले.

"माहीत आहे."

"ते वाट बघतायत," नीलाताई मागून म्हणाल्या.

"बघू दे," राजाराम म्हणाले. ते तसेच उभे राहिले, सीमाने नाक पुसून, केस बांधून, डबा उचलेपर्यंत. मग त्यांनी दार उघडून धरलं. दोघं पायवाटेने वर गेली. ती एक पाऊल मागे राहत होती, ते थांबून तिला बरोबर घेत होते.

"या काका, या," नरेंद्र म्हणाला. "आवतण आलंय म्हणे मतदानाचं. अतुलचा फोन होता."

"आलंय. चूलबंद. घरातल्या चौघांनीही." राजारामांनी मतपत्रिका नरेंद्रच्या सासऱ्यांच्या हातात दिली आणि बाजूला झाले. "ही माझी मुलगी, सीमा. जजबाई कशा आहेत ते ही सांगेल. नीट ऐका. मीसुद्धा आजच ऐकलंय."